पिवळ्या गुळाचा नमुना

नागापूरच्या एमआयडीसीत नव्या उद्योजकांचे मेळावे भरतात आणि तिथे मला अधूनमधून बोलायला बोलावतात. माझी पात्रता एवढीच की नगरमध्ये जाहिरातीची एजन्सी काढून मी ती अजून बंद पडू दिलेली नाही. लग्नपत्रिका आणि फ्लेक्सवर सुरुवात केली. आता लोणच्यापासून शेतीच्या अवजारांपर्यंत कशाचंही नाव, चिन्ह, पाकीट आमच्याकडे तयार होतं. मेळाव्यातली मुलं मोबाईल वर धरून विचारतात, मॅडम, धंद्यात सगळ्यात महत्त्वाचं काय? त्यांना चिकाटी, जिद्द असलं काहीतरी ऐकायचं असतं. मी सांगते, संशय. सगळे हसतात. मी गंमत करत नसते.

पहिलंच डिझाईन बघून ‘एक नंबर, फायनल करा’ म्हणणाऱ्या माणसाची मला धास्ती वाटते. त्याने ते बघितलेलंच नसतं, आणि छापून आलं की त्याच्या मेव्हण्याला रंग पटत नाही. ‘घरचंच काम समजून करा’ म्हणणाऱ्याशी मी पैशाचं सगळं आधी ठरवून घेते. आणि ‘शंभर टक्के शुद्ध’ असं लिहा म्हणणाऱ्याला चहा पाजते, गोड बोलते आणि माल कुठे बनतो त्याचा पत्ता विचारते. पाकिटावरचे शब्द आमचे असतात. ते घेणारी बाई माझ्या मावशीसारखी कुणीतरी असते आणि छापलेलं आहे म्हणजे खरं असणार, असं धरून चालते. म्हणून माल बनताना डोळ्यांनी बघितल्याशिवाय आम्ही त्यावर एक अक्षर लिहीत नाही. माझा नवरा म्हणतो, हा नियम नाही, तुझा स्वभाव आहे. त्याचं सोडा, त्याला आमचा दूधवालासुद्धा देवमाणूस वाटतो.

गेल्या हंगामात ऑफिसात श्रीगोंद्याकडची एक सून आली. बी.कॉम. झालेली, बोलायला चटपटीत. तिने टेबलावर स्टीलचा डबा ठेवला आणि झाकण काढलं. आत गुळाचा मोठा खडा होता, हळदीसारखा पिवळा.

“एकही केमिकल नाही, मॅडम. ऊस आमचा, गुऱ्हाळही आमचं.”

तिच्या सासरचा ऊस वर्षानुवर्षं कारखान्याला जात होता आणि शेतातलं जुनं गुऱ्हाळ पडून होतं. सासऱ्यांच्या मागे लागून तिने ते पुन्हा पेटवायला लावलं होतं. सासरे तयार झाले, पण एका अटीवर. या एका हंगामात सुनेचा गूळ पाकिटातून दुकानांत खपला तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी गुऱ्हाळ मोडायचं, रस आटवायची काहिल भंगारात घालायची आणि ऊस पुन्हा कारखान्याला. “ते शब्दाचे पक्के आहेत,” ती हसून म्हणाली.

मी मात्र खड्याच्या रंगाकडेच बघत होते. उकळत्या रसात केमिकलची पावडर टाकली की गूळ असा उजळतो. नुसत्या भेंडीच्या पाण्याने रसावरची मळी काढली तर तो तांबूस नाहीतर काळपटच निघतो. एवढं तर मलाही माहीत होतं. म्हणजे बाई माझ्या तोंडावर खोटं बोलत होती. गुरुवारी गुऱ्हाळ बघायला येते म्हणाले आणि मंगळवारी गेले. मी नेहमी तसंच करते. सांगितलेल्या दिवशी गेलं की झाडलोट बघायला मिळते, धंदा बघायला मिळत नाही.

मला बघून ती सून जागीच थांबली. चुलाण धडधडत होतं, काहिलीत रस उकळत होता आणि सासरे बाजूला उभं राहून मळी काढत होते. मागच्या भिंतीकडे गोणपाटाखाली काहीतरी झाकलेलं होतं. मी न विचारताच गोणपाट उचललं. खाली गुळाच्या ढेपा होत्या, काळपट, जवळजवळ चॉकलेटी.

“ह्या कुणासाठी?”

“घरी खायला,” ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. म्हणजे चांगला गूळ स्वतःच्या पोरांना आणि पावडरीचा लोकांच्या पोरांना. मी शेड बघायला सुरुवात केली. पोती हलवली, डबे उघडले, वास घेतले, फळीवरच्या बाटल्या फिरवून बघितल्या. एका डब्यात चुना निघाला, दुसऱ्यात तेल, कोपऱ्यात भेंडीची ठेचलेली झाडं. गडीमाणसं काम थांबवून माझ्याकडे बघायला लागली.

“बाई, काय हरवलंय का तुमचं?” सासऱ्यांनी विचारलं.

“पावडर शोधतेय.”

“ती हितं न्हाई. लागत बी न्हाई.”

मी त्यांच्या बोलण्यावर सोडून दिलं नाही. रस आटून पाक निववायच्या वाफ्यात ओतेपर्यंत तिथेच उभी राहिले. डोळे चुरचुरत होते, साडीला धुराचा वास लागला होता. पाक निवत गेला तसा रंग दिसायला लागला. गोणपाटाखाली होता तोच, काळपट. पावडर खरोखरच नव्हती. मग मी सगळ्यांच्या देखत तिला विचारलं, “तो पिवळा गूळ कुठला?”

ती खाली बघत म्हणाली, “बाजारातून विकत आणला होता. आमचा असा काळा दिसतो, मॅडम. शहरातल्या दुकानात कोण हात लावणार? म्हटलं, नमुना तरी चांगला दाखवावा.”

सासऱ्यांनी हातातला झारा खाली ठेवला. त्यांनाही हे आत्ताच कळत होतं. “दुसऱ्याचा गूळ आपला म्हनून दाखिवला?” एवढंच ते म्हणाले आणि बाहेर जाऊन बांधावर बसले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तिची दया आली नाही, उलट बरं वाटलं, कारण माझा संशय खरा निघाला होता.

मग मी तिला भरपूर शहाणपण शिकवलं. काळाच विक, काळा का आहे ते सांग, हीच तुझी ओळख आहे, वगैरे. मेळाव्यात बोलते त्यापेक्षा चांगली बोलले. काम आता आपल्याकडेच आलं असं मी धरून चालले होते. गाडीपर्यंत ती सोडायला आली आणि म्हणाली, “मॅडम, हे काम मी दुसऱ्यांकडे देते.”

“का?”

“मी खोटं बोलले, ते मान्य आहे. बुधवारी फोन करून खरं सांगणार होते. पण तुम्ही मंगळवारीच आलात.”

माझा त्यावरही विश्वास बसला नाही. पकडलं गेल्यावर बुधवार सगळ्यांनाच आठवतो. खरं सांगायचं तर अजूनही पूर्ण बसलेला नाही.

थंडी ओसरत असताना सावेडीतल्या एका दुकानात मला तिचं पाकीट दिसलं. अक्षर बेताचं, कोपऱ्यात सगळ्यांचं असतं तसलंच हिरवं पान. मला आधी समाधानच वाटलं. पाकीट पारदर्शक होतं आणि आतला गूळ होता तसा काळपट दिसत होता. मागची बाजू बघितली. तिथे छापलं होतं: ‘रंगाचा संशय आला तर गुऱ्हाळावर या. डबे उघडा, पोती हलवा, गूळ निघेपर्यंत उभे राहा. येताना कळवू नका.’

राग आला, आणि त्याहून जास्त हेवा वाटला. इतक्या वर्षांत असली ओळ मला सुचलेली नव्हती. घरी येईपर्यंत मात्र मनात पाल चुकचुकलीच. छापायला काय जातंय, कळवू नका म्हणून. खरंच कुणी जाऊन उभं राहिलं तर?

रविवारी मी न कळवता गेले. बांधाला गाड्या लागल्या होत्या. पुण्याकडची, नगरची माणसं पोराबाळांसह शेडमध्ये शिरली होती. कुणी डब्यात डोकावत होतं, कुणी पोत्यात हात घालत होतं. एक आजोबा चष्मा पुसून पुसून काहिलीत बघत होते. सून एका कोपऱ्यात पाकिटं भरत होती. हात थांबत नव्हते, वर बघायलाही तिला फुरसत नव्हती. शेडच्या मागे गवंडी दुसरं चुलाण बांधत होते. तेही मी वाकून बघितलं. मग आत येऊन सवयीने फळीवरच्या एका डब्याला हात घातला.

सासऱ्यांनी मला ओळखलं. आवाजात राग नव्हता.

“बाई, तुमचं तर बघून झालंय न्हवं? मंग जरा बाजूला सरा. ह्या लोकांला बघू द्या.”