हसीनाचाचींचे पाकीट

रविवार, १८ नोव्हेंबर २००७. सकाळी साडेनऊला मी परातीतल्या पाण्यात एक पाकीट भिजवत होतो.

मंडळी, पाकीट आमच्या मांडवीतल्या हसीनाचाचींचे. त्यांचे यजमान जहाजावर खलाशी होते, आता हयात नाहीत. त्यांनी कोचीहून पाठवलेल्या पाकिटावर मला हवे असलेले टपाल तिकीट होते. मी फक्त लेखकांची चित्रे असलेली तिकिटे जमवतो, हे तुम्हाला माहीत आहेच. महिनाभर चाचींच्या मागे लागलो होतो.

"तिकिटाला आंघोळ घालतोस होय रे?" तिकीट भिजवून सोडवतो म्हटल्यावर त्या हसल्या. "घाल. पण पाकीट मला परत दे."

तिकिटासकट कोपरा कापला असता तर त्यांचे पाकीट खराब झाले असते, म्हणून अख्खे भिजवले. पत्ता शाईने लिहिलेला आहे हे लक्षात आले, तेव्हा पाणी निळे झाले होते. तिकीट मात्र कडेचा एकही दाता न तुटता सुटले.

दुपारी वाळलेले पाकीट नेऊन दिले. चाचींना वाचता येत नाही. तरी त्यांचे बोट बरोबर मधोमध थांबले.

"इथे माझं नाव होतं. कुठे गेलं?"

माझी शाळा नववीतच सुटली, पण अक्षर वळणदार आहे. म्हणालो, "चाची, मी परत लिहून देतो. चांगलं लिहीन."

"तू चांगलंच लिहिशील, बाबा. त्यांचं वाकडं होतं. म्हणून तर मला ओळखता यायचं."

धुऊन गेलेली शाई पुन्हा दिसायचा काही उपाय कोणाला माहीत आहे का? तिकीट मी अजून वहीत लावलेले नाही.