कमला निवास

काही लोकांना बेघर माणसं फक्त डिसेंबरात दिसतात. नाव कुणाचं घेत नाही, ज्याचं त्याला कळेल! अकरा महिने फुटपाथवरच्या माणसाला वळसा घालून जायचं आणि नाताळ जवळ आला की त्याच्या अंगावर ब्लँकेट टाकायचं, शेजारी उभं राहून फोटो काढायचा आणि घरी येऊन करंज्या खायच्या. झाली प्रभूची सेवा!

हे सगळं मी आमच्या मंडळीच्या भर मीटिंगमध्ये बोलले होते बरं का. तावातावानं. म्हणून तर पुढचा घोटाळा इतका झोंबला. चहा घ्या हातात, सांगते.

आमची मंडळी म्हणजे भोपाळमधले मूठभर मराठी ख्रिस्ती लोक. निम्मे कारखान्याच्या नोकरीनिमित्त आलेले, निम्मे राजधानी हलली तेव्हा नागपूरहून सरकारी कचेऱ्यांबरोबर आलेल्यांची मुलं-नातवंडं. दर रविवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते. दोन-तीन गीतं, एक वचन, पाळकसाहेबांचे चार शब्द आणि मग पोहे. प्रार्थना कशी झाली ते पोह्यांवरून ठरतं, पण ते जाऊ द्या.

आणि टी. टी. नगरात, एका सरकारी कचेरीच्या भिंतीला लागून, कमला अम्मा राहायच्या. सागर जिल्ह्याकडच्या, साठी ओलांडलेल्या. निळी ताडपत्री, रजई, पत्र्याची पेटी आणि तीन विटांची चूल, एवढा संसार. दिवसभर समोरच्या ढाब्याचा लसूण सोलायच्या. सकाळी उठल्या की सगळा संसार गुंडाळून विजेच्या मोठ्या डब्यामागे सारायच्या. मग भिंत इतकी मोकळी दिसायची, की इथे कुणी राहतं अशी शंकाही येऊ नये. मला ते बघून संताप यायचा. माणसानं स्वतःचं घर लपवावं?

म्हणून मी मीटिंगमध्ये जाहीर केलं, "या रविवारची प्रार्थना कमला अम्मांच्या घरी!"

"घरी?" सुशीला आंटींनी चष्म्यावरून पाहिलं. आंटी म्हणजे आमच्या महिला संघाच्या प्रमुख. नाताळचं नाटक बसवायचं कामही वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच. "अगं रूथ, तिला घर कुठंय?"

"हाच तर प्रश्न आहे, आंटी! माणूस जिथे राहतो ते त्याचं घर. की आपला प्रभू फक्त टू-बीएचकेमध्येच येतो?"

पाळकसाहेब खोकले. प्रस्ताव मंजूर! मला वाटलं मी जिंकले. आता कळतं, लोक नुसते दमले होते.

लगेच अम्मांकडे गेले. "अम्मा, इस रविवार को हम सब आपके घर आएँगे. प्रार्थना करने."

"कौन से घर, बिटिया?"

"यही!"

अम्मांनी भिंतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "कितने जने?"

"तीस-पैंतीस."

"हाय राम! सबको चाय देनी पड़ेगी."

"चाय छोड़िए. बस, उस दिन सामान मत छुपाना. शरम किस बात की?"

"शरम नहीं है बिटिया, वो ऐसा है कि..."

पुढचं मी ऐकलंच नाही. ऐकत बसायला वेळ कुणाला होता? मी क्रांती करत होते!

आणि एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण नाही. घराला पाटी नको? प्लायवुडचा तुकडा आणला, पिवळ्या रंगात रंगवलं: 'कमला निवास'. कोपऱ्यात एक गुलाब. रविवारी दुपारी जाऊन ती भिंतीवर ठोकली. खिळ्यांनी. सरकारी कचेरीच्या भिंतीवर! आहे की नाही अक्कल?

संध्याकाळी मंडळी जमली. अम्मा धुतलेली साडी नेसून, ज्या घराला दार नाही त्याच्या दारात उभ्या. "आओ, आओ, बैठो." ताडपत्री ताणलेली, रजईची घडी, पेटीवर ढाब्यातून मागून आणलेले ग्लास. साळवे अंकल गुडघे धरत विटेवर टेकले. पाळकसाहेबांनी गीत धरलं. खरं सांगते, पहिलं गीत झालं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. स्वतःच्याच कर्तृत्वाचं.

दुसऱ्या गीताला रस्त्यावर हॉर्न सुरू झाले. आमच्या लोकांनी स्कूटर लावल्या होत्या ना, थेट रस्त्यात! चौकातले हवालदार पांडेजी आले आणि अगदी हळू म्हणाले, "मैडम, गाड़ियाँ ज़रा साइड में करवा लो. जाम लग रहा है."

बस, एवढंच म्हणाले. पण माझ्या डोक्यात भाषण तयार होतं, ते कुठेतरी जायलाच हवं होतं!

"आप इनको यहाँ से हटाना चाहते हैं!"

"मैं गाड़ियों का बोल रहा हूँ, मैडम."

"गाड़ियाँ तो बहाना है! ये छह साल से यहाँ रह रही हैं! ये इनका घर है!"

पांडेजींचा चेहरा पडला. "धीरे बोलो मैडम, धीरे."

"क्यों धीरे? बुलाइए अपने साहब को!"

"साहब को रहने दो ना."

त्यांनी बोलावलं नाही. मीच गेले. चौकाच्या पलीकडे अतिक्रमणवाल्यांचा ट्रक उभा होता, हातगाड्या उचलत. त्यांच्या साहेबाला मी स्वतः, माझ्या या पायांनी चालत जाऊन, घेऊन आले. मंडळीसमोर! मला वाटलं, आता होऊन जाऊ दे समोरासमोर.

साहेबानं पाटी वाचली. "कमला निवास. अच्छा. कब से?"

"छह साल से!" मी, छाती पुढे काढून. मागून अम्मा माझी ओढणी ओढत होत्या.

"छह साल. नेमप्लेट भी लगी है. ये तो पक्का कब्ज़ा हुआ." साहेब ट्रककडे वळला. "उठाओ रे!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. छह साल हा शब्द त्या कोपऱ्यात कुणी कधी उच्चारलाच नव्हता. कुणीही विचारलं की अम्मा म्हणायच्या, "बस सुस्ता रहे हैं साहब, अभी चले जाएँगे." आणि पांडेजी मान डोलवायचे. रोज. दोघांनाही सगळं ठाऊक, आणि दोघंही गप्प. त्या गप्प राहण्यावरच तर ते घर उभं होतं! ते मी एका भाषणात पाडलं.

एकानं ताडपत्री ओढली. दुसऱ्यानं रजई उचलली. अम्मा ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. रजईचं एक टोक मात्र त्यांनी मुठीत धरून ठेवलं. डिसेंबरातली थंडी, आणि ती एकच रजई. मी तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. आयुष्यात पहिल्यांदा!

"ए भैया! वो रजई नीचे रखो!" सुशीला आंटी पर्स सावरत पुढे आल्या. "नाटक का सामान है वो!"

"नाटक?" साहेब थांबला.

"हमारा क्रिसमस का नाटक. योसेफ और मरिया को रहने को जगह नहीं मिलती ना, वो. ये सब सेट है."

पाळकसाहेबांनी आकाशाकडे पाहिलं. बहुतेक आंटींसाठी क्षमा मागत असावेत.

"और ये लड़की जो बोली, छह साल?"

"डायलॉग है, साहब. ये ज़रा ओव्हरॲक्टिंग करती है."

साहेबानं हातांची घडी घातली. "अच्छा? तो करके दिखाओ."

आंटी डगमगल्या नाहीत. "साळवे, उठा. तुम्ही योसेफ."

"मी? अहो, माझे गुडघे..."

"योसेफाचेही चालून चालून दुखतच असतील. उठा!" मग त्यांनी अम्मांचा हात धरून त्यांना पुढे आणलं. "ये मरिया."

साहेबानं अम्मांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ये? इस उमर में?"

"रिहर्सल है, साहब. असली वाली को सर्दी हुई है. आणि रूथ, तू सराईचा मालक. ह्यांना हाकलून लाव."

"मी?"

"मग कोण? आवाज तुझाच मोठा आहे."

बघा तुम्हीच! ज्या मुलीनं 'सगळ्यांनी दारं उघडा' म्हणून मंडळीचं डोकं खाल्लं, तिनं आता भर रस्त्यात अम्मांना हाकलायचं. आणि नीट हाकललं नाही, तर अम्मा खरोखरच बेघर!

"जगह नहीं है," मी पुटपुटले.

"ज़ोर से!" आंटी.

"जगह नहीं है! आगे जाओ!"

"बरं," म्हणाले साळवे अंकल, आणि खरंच काठी टेकत निघाले. आंटींनी त्यांना स्वेटरला धरून परत आणलं.

तेवढ्यात अम्मांनी हात जोडले. त्यांना कुणी काही शिकवलं नव्हतं. "भैया, बस एक कोना दे दो. सुबह होते ही समेट लेंगे. किसी को पता भी नहीं चलेगा."

बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या खांद्यावरून थेट साहेबाकडे बघत होत्या.

अहो, समाजकार्यात एम. ए. केलंय मी! बेघरांवर प्रोजेक्ट केलाय! पण 'अम्मा, तुम्हाला काय हवंय?' हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. त्यांना काय हवं होतं? कुणाला पत्ता लागू नये, एवढंच. आणि मी पाटी ठोकली. पिवळ्या अक्षरांत. गुलाबासकट.

ज्याच्या हातात रजई होती, त्यानं ती हळूच खाली ठेवली.

साहेब घसा खाकरून म्हणाला, "अम्मा अच्छा करती हैं. ये मालिक कच्चा है." मग भिंतीकडे बोट केलं. "तख्ती निकालो. और नाटक के बाद यहाँ कुछ दिखना नहीं चाहिए."

"कुछ नहीं दिखेगा, साहब," अम्मा म्हणाल्या. हे वचन त्यांच्याइतकं कोण पाळणार?

ट्रक गेला. मी नखांनी खिळे उपसत बसले. आंटी आणि अम्मा मिळून ताडपत्रीची घडी घालत होत्या, ढाब्यावरून चहा आला होता, आणि मला कुणी एक शब्द बोललं नाही. शिव्या परवडल्या असत्या हो!

शेवटी धीर करून पांडेजींकडे गेले. "अब तो अम्मा को कोई नहीं हटाएगा ना?"

पांडेजींनी चहावर फुंकर मारली, एक घोट घेतला.

"अम्मा की फिकर मत करो, मैडम. इधर हम हैं. आप बस अब किसी दूसरे मोहल्ले का भला करो."