दुसरी सही

वेंकोबाराव प्रयोगशाळेतल्या बुरशी वाढवायच्या कपाटाचं दार उघडण्याआधी त्यावर टकटक करायचे. मी सांगलीहून अंबत्तूरच्या त्या शेती-औषधांच्या कंपनीत नवा आलो होतो. मला हसू आलं. ते म्हणाले, "हसूं नकोस रे. आंत जीव आहेत. आपल्यापेक्षां हुशार." त्यांचं तंजावरी मराठी ऐकताना पणजोबांशीच बोलतोय असं वाटे.

भातावरच्या करप्याचं आमचं औषध त्यांनीच गावोगाव पोचवलं होतं. "दुसरें कांहीं नको, हेंच फवारा," हा त्यांचा सल्ला लोकांनी वर्षानुवर्षं पाळला. मग तंजावरकडून तक्रारी आल्या, औषध लागू पडत नाही. कंपनीनं ठरवूनच टाकलं की शेतकरी औषधात पाणी जास्त घालतात. वेंकोबाराव स्वतः जाऊन करपलेली पानं घेऊन आले. त्यांवरची बुरशी आम्ही औषध घातलेल्या बशांमध्ये वाढवली. पुऱ्या मात्रेतही ती खुशाल पसरली. दर हंगामी तेच औषध मारल्यामुळे त्याला दाद न देणारी बुरशीच तेवढी मागे उरली होती.

वेंकोबारावांनी बशीवर झाकण ठेवलं. "लोकांनीं चूक नाहीं केली. मीं शिकविलें तेंच केलें," म्हणाले. अहवालातही तसंच लिहून त्यांनी सही केली.

अहवालाला दोन सह्या लागायच्या. दुसरी माझी. साहेबांनी मला बोलावून विचारलं, "नोकरी नकोशी झालीय का?" मी मेला भित्रा! पेन हातात धरून वेंकोबारावांसमोर नुसता उभा राहिलो. त्यांनीच ते काढून घेतलं. "राहूं दे. तुझीं मुलें लहान आहेत." खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.

एका सहीचा अहवाल साहेबांच्या खणातच पडून राहिला. वेंकोबारावांनी राजीनामा दिला आणि ते बसनं गावोगाव हिंडून हात जोडून सांगत राहिले, हे औषध थांबवा, मी चुकीचं सांगितलं होतं. कुणी शिव्या दिल्या, कुणी कॉफी पाजली. दोन वर्षांत ते गेले.

त्यांच्या तेराव्याला तंजावरकडचे एक म्हातारे शेतकरी आले होते. मी कोण ते कळल्यावर उठून जवळ आले आणि तमिळमध्ये म्हणाले, "राव नेहमी सांगायचे, आम्ही दोघांनी तपासलं, दोघांनी खरं लिहून दिलं. ते दुसरे तुम्हीच ना?" त्यांनी वाकून हात जोडले.

मी तो नमस्कार घेतला.