काकूंचं पान

उभा जन्म आगबोटीच्या इंजिनाला तेल घालण्यात घालवून, निवृत्त झाल्यावर अख्ख्या नौपाड्याच्या स्वयंपाकातलं तेल बदलायला निघालेला माणूस ठाण्यात एकच होऊन गेला, तो म्हणजे आमचे शेजारचे काका. ऐंशीच्या दशकात मी नवी सून म्हणून त्या इमारतीत आले, तेव्हा काकूंना नुकताच हार्टचा झटका येऊन गेलेला. डॉक्टर म्हणाले, तूप आणि तळण बंद. काका तेवढ्यावर थांबते तर काय हवं होतं! त्यांना ग्रीसच्या बंदरातली म्हातारी माणसं आठवली. जिन्यात कुणी भेटलं की भाजीची पिशवी खाली ठेवायला लावून ते गंभीरपणे सुरू करत, "ऐंशी वर्षांच्या बाया टेकडी चढतात हो! खातात काय? डाळी, भाज्या, मासे, अक्रोड आणि ऑलिव्हचं तेल." लोक त्यांची चाहूल लागली की परत वर जात.

आता हे तेल तेव्हा ठाण्यात मिळायचं फक्त औषधांच्या दुकानात, तान्ह्या बाळांना चोळायला, एवढ्याशा डब्यात. काकांनी चार डबे मागितले तेव्हा दुकानदार कौतुकानं म्हणाला, "नात झाली वाटतं? की जुळी?" काका म्हणाले, "बायको आजारी आहे," आणि डबे छातीशी धरून निघाले. कोळणीकडून ते रोज बांगडे आणत आणि वाफवायला लावत. ती बिचारी हळहळायची, "काका, येवरा ताजा म्हावरा, न पान्यान शिजवून खाताव?" दिवाळीत त्यांच्याकडे फराळाला गेलं की चकलीच्या जागी अक्रोड आणि उकडलेले चणे. माझे सासरे ते एकदाच खाऊन आले आणि पुढच्या वर्षी त्यांनी सरळ पोट बिघडल्याचं सांगितलं.

एवढं करून काकूंची धाप काही कमी होईना. जिन्याच्या दोन पायऱ्या चढल्या की कठडा धरून उभ्या. काका दिवसेंदिवस खचत चालले. एकदा मलाच म्हणाले, "मी कुठं चुकतोय गं? ही माझ्या हातून जाईल." त्यांचे डोळे भरले होते.

मग एका दुपारी मी काकूंच्या स्वयंपाकघरात गप्पा मारत बसले होते. सगळ्यांची जेवणं उरकून काकू आता कुठे ताटावर बसल्या होत्या. ताटात मुलासाठी सकाळी तळलेल्या पुऱ्यांतल्या उरलेल्या, कालचा तुपातला शिरा आणि गार भात. बांगडे, कोशिंबीर, ते महागाचं तेल, सगळं काकांना आणि मुलाला आग्रहानं वाढून संपलेलं. छत्री विसरली म्हणून काका परतले ते दारातच थबकले.

"हे काय खातेस?"

"मग काय टाकून देऊ? अन्न आहे ते," काकू म्हणाल्या.

काका काकूंच्या ताटासमोर येऊन बसले. म्हणाले, "तिथं ग्रीसमध्ये त्या म्हाताऱ्या सगळ्यांबरोबर जेवायला बसायच्या गं. मी त्यांच्या ताटात काय आहे तेवढंच पाहिलं. तुझ्या ताटात कधी डोकावलोच नाही."

त्या रात्रीपासून नियम झाला: काकूंचं पान काकांच्या शेजारी, आणि ते वाढल्याशिवाय काका घास घेणार नाहीत. काकू लाजेनं भिंतीकडे अर्ध्या वळून जेवत. "बायामाणसांनी असं आधी बसायचं? लोक तोंडात शेण घालतील!" काका हात जोडून बसून राहत. सहा-सात महिन्यांत काकू तलावपाळीला फेरी मारून यायला लागल्या, आणि काका वाटेत भेटेल त्याला थांबवून, "चालतायत, बघा," असं सांगायला लागले.

नव्वदच्या दशकात एका सकाळी काकाच गेले, अचानक. तेराव्याला पहिली पंगत पुरुषांची बसली होती आणि आम्ही बायका वाढत होतो. काकूंनी हातातली पळी खाली ठेवली, एक पाट ओढला आणि त्या पंगतीच्या टोकाला बसल्या.

"मला वाढा," काकू म्हणाल्या. "गार जेवायचं नाही असं ह्यांनी बजावलंय मला." त्यांनी पदरानं डोळे पुसले, पण त्या उठल्या नाहीत. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तू गं कुणाची वाट बघतेस? बस इथं."

मी सासऱ्यांकडे न बघता बसले. लग्न झाल्यापासून पंगतीत वाढलेला गरम भात मी त्या दिवशी पहिल्यांदा खाल्ला.