फोनवरचं ‘हो’

अमेरिकन नौदलात मी सव्वीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक जहाजाच्या पोटात, इंजिनांपाशी. कमांडर म्हणून निवृत्त झालो. कॅप्टनच्या बढतीच्या यादीत दोनदा नाव आलं नाही, आणि दुसऱ्यांदा तर वाईट वाटून घ्यायचंही त्राण नव्हतं. आता अ‍ॅशबर्न गावात एका डेटा सेंटरमधले जनरेटर सांभाळतो. बाबा गेल्यापासून आई माझ्याकडे असते.

तीच मागे लागली होती. "टीव्ही केवढ्याने लावतोस! कान दाखवून ये." शेवटी तिला बरोबर घेऊनच गेलो.

तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, "कधीपासून असं आहे?"

आता लपवायचं कोणासाठी? दहा-बारा वर्षं तरी, मी म्हणालो. नौदलात दरवर्षी कान तपासायचे. आवाज आला की बटण दाबायचं. मी ऐकू आलं नाही तरी अंदाजाने दाबायचो. कान गेलेत म्हटलं असतं तर जहाजावरून उतरवलं असतं. जहाज नाही तर बढती नाही.

आई शेजारीच बसली होती. गाडीत आल्यावर म्हणाली, "मग मी फोनवर बोलायचे ते?"

"अर्धंमुर्धं कळायचं. बाकीला हो म्हणायचो."

"बाबांच्या ऑपरेशनचं सांगितलं, तेव्हाही 'हो, बरं' म्हणालास. आणि ठेवलास."

तो फोन मला आठवला. जहाज दुरुस्तीसाठी गोदीत होतं, डेकवर लोखंड घासायचे ग्राइंडर चालू होते, मी पहाटेपासून उभा होतो. पिस्कॅटवेला आईबाबांच्या घरी गाडीने एका दिवसात पोचलो असतो. पण ऑपरेशन हा शब्द माझ्यापर्यंत आलाच नाही. महिन्याने कळलं तेव्हा वाटलं, यांनी मला सांगितलंसुद्धा नाही. तो राग मी कितीतरी वर्षं धरून बसलो. तिने तिचा.

"बाबा काय म्हणाले?"

"म्हणाले, त्याची नोकरीच तशी आहे."

मी गाडी चालू केली नाही. कानात घालायची यंत्रं यायला अजून दोन आठवडे होते.

"परत सांग," मी म्हणालो. "त्या दिवशीचं सगळं. जरा मोठ्याने."

तिने पट्टा सोडला, माझ्याकडे वळली आणि सकाळी बाबांच्या छातीत कळ आली तिथपासून सुरुवात केली. शेजारच्या काकांनी गाडी काढली, काकू रात्रभर हॉस्पिटलमध्ये थांबल्या, हे मला पहिल्यांदाच कळत होतं. सांगता सांगता ती दमली. मग आम्ही घरी गेलो, आणि दोघंही संध्याकाळपर्यंत झोपलो.