महारुद्र दलालाची विमानं

कुठल्या देशानं कुठलं लढाऊ विमान घ्यावं, याचा निकाल अणदुरात माझ्या पेंडीच्या दुकानासमोरच्या बाकावर लागतो. निकाल देणारा महारुद्र. हा माणूस बोकडांचा दलाल आहे. विमान त्यानं पाहिलंय ते सोलापूरच्या बाजूनं आभाळात ठिपक्याएवढं जाताना, तेही मान वर करून, डोळ्यांवर हात धरून. पण राफेलचं रडार किती कोसांवरचं बघतं, ते तो तुम्हाला असं सांगेल की जणू ते त्यानंच पुसून बसवलंय.

बोकडांच्या बाबतीत मात्र त्याला नावं ठेवायला जागा नाही. मी शरणबसप्पा, जातीनं वाणी, घरात अंडंसुद्धा येत नाही, तरी सांगतो. जनावराच्या पाठीवरून एकदा हात फिरवला की त्याचं वजन, वय आणि मालकाची नड हा माणूस अचूक ओळखतो. आमच्या भागातल्या काळ्या, लांब कानांच्या शेळ्यांना लांबलांबून मागणी असते, आणि चार-पाच बाजारांत महारुद्रशिवाय मोठा सौदा होत नाही. एवढ्यावर थांबला असता तर मी आज त्याला हात जोडले असते. थांबला नाही, तिथंच घोटाळा झाला.

गेल्या वर्षी मे महिन्यात सीमेवर चार दिवस विमानं उडाली, आणि इकडं सगळा गाव हवाई दलात भरती झाला. बाकीचे पेरणीला लागल्यावर परत माणसात आले. महारुद्र नाही आला. मोबाइलवर कुणीतरी ओरडून ओरडून विमानांची तुलना करणारे व्हिडिओ तो बघायला लागला, आणि त्यातला आवाज बंद झाला की तीच वाक्यं त्याच्या तोंडातून बाहेर पडायला लागली. पुढं श्रावण आला. श्रावणात बोकडाला गिऱ्हाईक नाही, म्हणजे दलालाला काम नाही. महिनाभर हा सकाळी आठला बाकावर बसायचा तो जेवायलाच उठायचा.

"एफ थर्टी फाइव्ह घ्यायचं म्हंजी नुस्तं इमान घेणं न्हाय आप्पा," तो मला सांगायचा. "अमेरिका म्हणती, आमचं इमान पायजे तर रशियाचं कायबी दावणीला ठिवू नका. तुर्कस्ताननं ठिवलं, दिलं का त्याला? न्हाय दिलं! स्वीडनचं ग्रिपेन सस्तं हाय, पर त्याचं इंजीन अमेरिकेचं. इकायचं झालं तर आधी तिला इचारायचं. राफेल मातुर फ्रान्सचं सोताचं. म्हून इजिप्त घेतंय, कतार घेतंय, ग्रीस घेतंय."

हे सगळं खरंच होतं, मी माझ्या नातवाकडून तपासून घेतलं. चीड त्याचीच यायची. चुकीचं बोलणाऱ्याला गप्प करता येतं. बरोबर बोलणाऱ्या अडाण्याचं काय करायचं? त्याला माहिती होती, आणि माहिती झाली म्हणजे कळलं, अशी त्याची पक्की समजूत होती. सरकी घ्यायला आलेली माणसं पोतं खांद्यावर घेऊन अर्धा अर्धा तास उभी राहून ऐकायची. माझी सरकी विकली जायची म्हणून मीही गप्प बसायचो, हेही इथंच सांगून टाकतो.

हे असंच चाललं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण महारुद्रच्या धाकट्या भावाची पोरगी हर्षाली आयटीआयला फिटर झाली होती, आणि त्याच श्रावणात तिला नाशिककडच्या विमानाच्या कारखान्यातून अप्रेंटिसचं पत्र आलं. श्रावण सरायच्या आत, सोमवारी हजर व्हायचं होतं. नाही झालं तर जागा दुसऱ्याला. तिथं तेजस जोडतात. पोरगी पत्र घेऊन माझ्या दुकानात आली होती, कारण तिला ते कुणाला तरी दाखवायचं होतं आणि घरी वडील शेळ्या घेऊन रानात गेले होते. अठरा-एकोणीस वर्षांची पोर, हाताला ग्रीसचा वास, आणि पत्राला डाग लागू नये म्हणून ते वहीत घातलेलं. मला फार बरं वाटलं. मी तिला पेढा दिला.

तिचा बाप रामलिंग. साधा माणूस, तीस-चाळीस शेळ्या, थोडं कोरडवाहू रान. तो सात वर्षांचा असताना बाप गेला, आणि महारुद्रनं त्याला वाढवलं, शाळेत घातलं, लग्न लावून दिलं. त्यामुळं त्या घरात महारुद्र म्हणेल ते शेवटचं. रामलिंगनं आयुष्यात भावाचा शब्द मोडला नव्हता, आणि मोडायची वेळही कधी आली नव्हती. तो पत्र घेऊन भावाकडं गेला तो नुसता आशीर्वाद घ्यायला.

महारुद्रनं आशीर्वाद दिला नाही. त्यानं एक्सपोर्ट काढला.

"कुठल्या इमानाचा कारखाना म्हणला?" बाकावर पाय वर घेऊन तो म्हणाला. समोर आम्ही पाच-सहा जण होतो, रामलिंग उभा होता. "तेजस? आरं खुळ्या, तेजसला गिऱ्हाईक कुठं हाय? मलेशियाच्या बाजारात नेलं, त्यांनी कोरियाचं घेतलं. अर्जेंटिनाला दावलं, त्यांनी डेन्मार्कची जुनी एफ सोळा घेतली. इजिप्त नुस्तं दात बघून गेलं. तीन बाजार फिरून माघारी आलेल्या जनावराला चवथ्या बाजारात कोन हात लावतंय? दोन सालात कारखान्याला कुलूप. पोरगी हात हलवीत माघारी येणार, आन मंग माघारी आलेल्या पोरीला कोन इचारतंय? त्यापरीस म्या एक जागा बघून ठिवलीय बार्शीकडं, पोरगा मोबाइलच्या दुकानात हाय. तिकडं जमवू."

आमच्याकडं खरोखरच असं असतं. दोन-तीन बाजारांतून न विकता परत आलेल्या जनावराकडं गिऱ्हाईक संशयानं बघतं. काहीतरी खोड असणार, म्हणतं. महारुद्रनं तो बोकडाचा नियम उचलून जसाच्या तसा विमानाला लावला, आणि विमानावरून पोरीला. आणि समोरची माणसं माना डोलवत होती! मला तेव्हा तिडीक आली. एका पोरीचं आयुष्य अर्जेंटिनाच्या नावानं मोडत होतं, आणि अर्जेंटिना कुठं आहे हे त्या बाकावर एकालाही दाखवता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी हर्षाली स्वतः आली. पेंड न्यायचं निमित्त होतं.

"आबा," ती महारुद्रला म्हणाली, "मागल्या साली आपला काळा बोकड चार गिऱ्हाइकांनी मागितला. तुमीच म्हणला, ह्यो इकायचा न्हाय, कळपाला ठिवायचा. त्यो बाजारात इकला न्हाय म्हून त्याला कुणी खोडील म्हणलं का?"

"त्याचं हितं काय?"

"आपल्याच हवाई दलानं शंभराच्या वर मागितलीत. आधी घरचा कळप. ती जोडायलाच किती सालं जात्याल. बाहेर इकलं न्हाय तर कुलूप कसं लागंल?"

इतका सरळ मुद्दा माझ्या बाकावर त्या अख्ख्या श्रावणात कुणी मांडला नव्हता. महारुद्रला तो कळलाही. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो, मला दिसलं. पण सहा माणसं ऐकत होती.

"तुला एक्सपोर्टातलं काय कळतंय?" तो म्हणाला. "फिटर हाय तू. पाना धरायचं काम तुझं."

पोरगी पेंडीचं पोतं सायकलवर टाकून निघून गेली. रडली नाही. रडली असती तर मला एवढं लागलं नसतं. त्या रात्री घरी तिच्या आईनं, तुळजाबाईनं, चूल पेटवली नाही असं नंतर कळलं. नवऱ्याला ती एवढंच म्हणाली म्हणे, की तुमच्या भावाला इमान इकायचं असंल तर त्यांनी खुशाल इकावं, माझ्या पोरीला कशापायी माघारी आणतेत.

शनिवार उजाडला. सोमवारी हजर व्हायचं तर रविवारी सकाळची गाडी गाठायला हवी होती. दहाच्या सुमाराला रामलिंग शेळ्या सोडून दुकानावर आला. शेळ्या कुणाकडं दिल्या ते मी विचारलं नाही. महारुद्र सुखोई फिफ्टी सेव्हन अल्जेरियाला कसं जमेल ते सांगत होता. रामलिंग त्याच्यासमोर खाली उकिडवा बसला आणि खांद्यावरचा टॉवेल काढला.

"दादा, त्वांडानं लई झालं. हात द्या."

आता हे बाहेरच्या माणसाला सांगायला पाहिजे. आमच्या जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं ठरत नाही. तोंडानं नुसता आरडाओरडा करायचा, शपथा घ्यायच्या, जनावराला शिव्या द्यायच्या. खरा भाव टॉवेलाखाली, एकमेकांची बोटं दाबून. तिथं काय झालं ते दोघांनाच ठाऊक. आणि तिथं खोटं चालत नाही. टॉवेलाखाली एक बोट जरी फसवून दाबलं तरी त्या दलालाचा हात पुन्हा कुणी धरत नाही. महारुद्रनं पंचवीस वर्षांत तो हात मळू दिला नव्हता. त्याचं खरं भांडवल तेवढंच.

"हितं कसला सौदा?" तो हसून म्हणाला, पण हात पुढं आलाच. सवयच ती.

रामलिंगनं दोघांच्या हातांवर टॉवेल टाकला. "पोरगी गेली तर तिचं वाटुळं हुईल, ह्याची दहातली किती खात्री हाय? तेवढी बोटं धरा. पाच धरली तरी म्या तिला घरी बसवतो. पुन्यांदा इचारणार न्हाय."

महारुद्र टॉवेलाकडं बघत राहिला. त्याच्या कपाळावरची शीर वर आली. मला वाटलं, आता दाबतो, सगळी बोटं दाबतो आणि पोरीला बुडवतो. बराच वेळ गेला. मग रामलिंगनं टॉवेल ओढून घेतला, झटकून खांद्यावर टाकला आणि उठला.

"आप्पा, पोरीला डब्याबरुबर न्यायला शेंगदाण्याची चटणी करायचीय, शेंगदाणं हायती का?" त्यानं मला विचारलं.

मी पेंडीचा दुकानदार, माझ्याकडं शेंगदाणे कुठले? मी घरातून आणून दिले. ते घेताना त्यानं मला हळूच सांगितलं, "येक बी बोट धरलं न्हाय ओ. हात नुस्ता घामानं भिजला हुता."

मला त्या क्षणी महारुद्रविषयी आदर वाटला, आणि आदर वाटला म्हणून स्वतःचाच राग आला. कारण याचा अर्थ साधा होता. त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं की आपल्याला काही ठाऊक नाही. चार लोकांसमोर आपला शब्द खाली पडू नये एवढ्यासाठी हा माणूस, ज्यानं भावाला पोटच्या पोरासारखं वाढवलं, त्याच्याच पोरीला मोबाइलच्या दुकानात ढकलायला निघाला होता. मूर्खपणा मी सहन करतो, माझं दुकानच त्यावर चालतं. पण हा मूर्खपणा नव्हता.

रविवारी हर्षाली गेली. महारुद्र फाट्यावर सोडायला आला नाही. आठवडाभर बाकावरही आला नाही. मला वाटलं, सुधारला. श्रावण संपला, बाजार भरायला लागले, बोकडांना भाव आला, आणि हा परत आला तो मोबाइल हातात घेऊन. आता नवीन सुरू झालं होतं. "आमच्या घरचीच पोरगी बनवतीय तेजस," म्हणायचा. कारखाना बंद पडणार हे तो बोललाच नव्हता, आम्हीच चुकीचं ऐकलं होतं. आता ब्राझीलपासून सगळ्या देशांनी तेजस घ्यायला पाहिजे होतं, आणि कुणी घेत नसेल तर ते देश लुच्चे होते. ऐकणाऱ्यांच्या माना तेव्हाही डोलतच होत्या.

तिला जाऊन तीन-चार आठवडे झाले असतील. रामलिंग दुकानावर असताना तिचा फोन आला. बापाला कमी ऐकू येतं म्हणून तो स्पीकर लावतो. "जेवली का, झोपतीस कुठं" एवढं होतंय तोच महारुद्रनं फोन ओढून घेतला.

"हर्षाली, म्या बोलतोय. कसं काय चाललंय इमान? रडार कुठलं बसवत्यात? बाहेरची कोन गिऱ्हाइकं येऊन बघून गेली का?"

"आबा, मला अजून इमानाजवळ जाऊ देत न्हाईत," ती म्हणाली. मागं कुठंतरी यंत्राचा आवाज येत होता. "तीन आठवडं झालं, पत्र्याला भोकं पाडाय शिकवत्यात. काल शंभर पाडली. सरांनी अठ्ठ्याण्णव टाकून दिली."

"आन दोन?"

"ती बरी हायती म्हणलं. पर इमानाला चालत्याल का न्हाय, ते ठाऊक न्हाय."

"ते राहू दे. आपलं इमान बाहेर इकलं जाईल का न्हाय ते सांग. हितं लोक इचारत्यात."

तिच्या आवाजात राग नव्हता, मी कान देऊन ऐकत होतो.

"मला न्हाय ठाऊक आबा," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत माझ्या बाकावर हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही नाशिकहून यावं लागलं. महारुद्रनं फोन भावाच्या हातात दिला. मग आमच्याकडं वळून म्हणाला, "भोकं पाडाय तीन आठवडं? त्यात शिकायचं काय असतंय?"

कुणाचीच मान हलली नाही. सरकीचं पोतं खांद्यावर घेऊन उभा असलेला एक जण तेवढा म्हणाला, "चला, उशीर झाला," आणि निघाला.