दादांचा कान आणि विजेची गाडी

काष्टी स्टेशनाच्या मागेच आमचं घर. दादा, म्हणजे माझे वडील, मालगाडीचे गार्ड म्हणून रिटायर झालेले. घरात घड्याळ होतं, पण गाडीच्या बाबतीत त्याला कोणी विचारत नसे. ओट्यावर बसून दादा डिझेल इंजिनाचा आवाज लांबूनच टिपायचे आणि आत हुकूम सोडायचे, "अजून एक चहा हुतोय," नाहीतर "चपला घाला!" मालगाडी रिकामी की कांद्याने भरलेली, हेही कानानेच सांगत. बरोबर निघालं की हात मिशीवर. आम्ही थट्टा करायचो, पण चपला मात्र त्यांनी सांगितल्यावरच घालायचो.

मग रुळांच्या कडेने खांब आले, तारा आल्या आणि एक दिवस पॅसेंजर विजेवर धावू लागली. त्याच आठवड्यात नगरला माझ्या बहिणीचं डोहाळजेवण होतं. माहेरची हिरवी साडी नेसल्याशिवाय ओटी भरून घेणार नाही, असा तिचा हट्ट. साडी आमच्याकडे, ती तिकडे.

आम्ही नटूनथटून बसलो. आई म्हणाली, "अहो, निघूया की आता." दादांचं एकच, "बस गं. आवाज कुठं हाय अजून?" बाजाराचा दिवस, बाहेर ही गडबड. मी आणखी एक कप चहा घेतला. खिडकीतून बघतो तर गाडी फलाटावर उभी! आम्ही धावत सुटलो. फलाटाकडे जाणाऱ्या पुलाचा जिना चढेपर्यंत शेवटचा डबासुद्धा निघून गेला. मला चांगलं ओरडायचं होतं, पण दादांचा उतरलेला चेहरा बघून दुसरं वाहन शोधायला पळालो.

बाजारातून शेळ्या घेऊन नगरला निघालेला टेम्पो मिळाला. आई साडी कवटाळून पुढे ड्रायव्हरशेजारी, आम्ही दोघं मागे शेळ्यांत. बहिणीचे फुलांचे दागिने माझ्याकडे होते. अर्ध्या वाटेत पाहिलं तर बाजूबंद एका शेळीच्या तोंडात! मी तिच्यावर खेकसलो आणि दादा सकाळपासून पहिल्यांदा हसले.

बहीण पाटाशेजारी उभीच होती. आमच्या अंगाला येणाऱ्या वासाने तिच्या सासूबाई नाकाला पदर लावून हसत होत्या. साडी छातीशी धरून बहिणीने विचारलं, "दादा, तुमची गाडी चुकली? तुमची?"

"चोरपावलानं आली," दादा म्हणाले. "आता माजा कान कामाचा न्हाई, पोरी."

हसत म्हणाले, पण मला फार वाईट वाटलं. त्यानंतर कुठे जायचं असलं की ते खूप आधी फलाटावर जाऊन मुकाट बसायचे. मी मोबाईलवर गाडी दाखवायला गेलो की तोंड फिरवायचे.

परवा बहीण तिच्या मुलीला घेऊन आली होती. परत निघायच्या दिवशी तिने दादांना चहासाठी घरातच अडवून ठेवलं. ओट्यावर खेळणारी नात एकदम थांबली. "आली," म्हणाली. आम्हाला तर काहीच ऐकू येत नव्हतं. मोबाईलमध्येही गाडी अजून लांबच होती. दादांनी नातीकडे पाहिलं, भरलेला कप खाली ठेवला आणि आत ओरडले, "चपला घाला!"

आम्ही जिना उतरलो आणि गाडी आली.

त्यांना बसवून घरी आल्यावर दादांनी तो गार चहा चवीने प्यायला. "ऐकलं का," ते आईला म्हणाले आणि हात मिशीवर गेला, "कान आपल्याच घरात हाय अजून."